विश्लेषण : ‘रन’ म्हणजे फक्त धावणे? एका क्रियापदाचे तब्बल ६४५ अर्थ!

इंग्रजीत माणूस धावतो, तसे नाकही ‘रन’ होते, नळही, कंपनीही. शाळेत ‘रन म्हणजे धावणे’ एवढेच पाठ केलेल्या उमेदवाराला मुलाखतीत ‘हू रन्स द शॉप?’ असे विचारले, तर दुकान कोण पळवते याचा विचार करत तो क्षणभर गप्प होतो. दोष त्याचा नाही, एका शब्दाला एकच अर्थ चिकटवणाऱ्या पाठांतराचा आहे.

विक्रम कोणाच्या नावावर?

‘ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी’त सर्वाधिक अर्थांचा मान बराच काळ ‘सेट’कडे होता. १९८९च्या २० खंडांच्या आवृत्तीत त्याचे चारशेहून अधिक अर्थ होते. २०११ मध्ये मात्र ‘रन’ने बाजी मारल्याचे जाहीर झाले. अर्थ ६४५, आणि तेही केवळ क्रियापदाचे! कोशकार पीटर गिलिव्हर यांना ही एक नोंद हातावेगळी करायला नऊ महिने लागले.

इतके अर्थ आले कुठून?

‘रन’चे नाते वाहण्याशी जुने आहे. त्याच कुळातल्या जर्मन ‘रिनेन’चा अर्थ वाहणे, पाझरणे असाच होतो. त्यामुळे नाक किंवा नळ ‘रन’ होणे ही काही अलीकडची करामत नव्हे. पुढे यंत्रयुग आले. इंजिने, आगगाड्या, कारखाने, सारे ‘रन’ होऊ लागले आणि संगणक आल्यावर प्रोग्रॅमही.

मराठीत काय होते?

गंमत म्हणजे इंग्रजी जिथे धावते, तिथे मराठी बहुधा चालते. दुकान चालते, यंत्र चालते, नाटकाचे प्रयोग चालतात. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार ‘रन’ करतो, ब्रिटनमधला ‘स्टँड’ करतो. आपलाही उभाच राहतो!

समानार्थी शब्द कसे निवडायचे?

परीक्षेच्या पुस्तकांत ‘रन’पुढे स्प्रिंट, फ्लो, ऑपरेट, मॅनेज अशी रांग असते. पण हे शब्द एकमेकांच्या जागी बसत नाहीत. हॉटेल ‘मॅनेज’ करता येते, ‘स्प्रिंट’ नाही. आधी वाक्यात कोण किंवा काय ‘रन’ होते आहे ते पाहावे. पाणी असेल तर ‘फ्लो’, यंत्र असेल तर ‘ऑपरेट’.

खरी फसगत मागून येणाऱ्या छोट्या शब्दांमुळे होते. ‘रन आउट ऑफ मिल्क’ म्हणजे दूध संपले. ‘रन इनटू अ फ्रेंड’ म्हणजे मित्राची अचानक गाठ पडली. तोच ‘रन इनटू’ झाडाबाबत आला तर गाडी झाडावर आदळली. बैठक ‘रन ओव्हर’ झाली तर ती लांबली, पण गाडीने कोणाला ‘रन ओव्हर’ केले तर पोलिसांना बोलवावे लागते.

अर्थात, मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसालाही आपण कमी छळत नाही. त्याला भूक लागते, ठेच लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो आणि एखाद्याचा डोळाही लागतो. कोशात ‘लागणे’ उघडून तो बसला, तर त्याला बराच वेळ लागतो.