डोंगरवाटेची दौड आणि पोटाची तयारी

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब शर्यतीस अल्ट्रा मॅरेथॉन म्हणतात. पुणे जिल्ह्यात सिंहगड, राजगड व तोरणा या गडांवरून ५३ किलोमीटरची अशी शर्यत डिसेंबरमध्ये भरते. अशा वाटेवर पायांइतकीच पोटाचीही परीक्षा असते.

स्नायू व यकृत यांतील साखरेचा साठा जोरात धावल्यास साधारण दीड-दोन तासच पुरतो. तो संपला की धावणारा मटकन खाली बसतो. म्हणून उभा चढ चालतच चढावा. बोलताना धाप लागली तर वेग कमी करावा. उतारावर लांब ढांगा टाकू नयेत. मांड्या भरून येतात.

भुकेची वाट न पाहता पहिल्या अर्ध्या तासापासून थोडे थोडे खावे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके पुरतात; मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम असतात. केळी, चिक्की, खजूर, जे सरावात पचले तेच न्यावे.

पाणी तहानेपुरते प्यावे. थंडीत घाम कमी येतो. तरीही भरमसाट पाणी प्यायल्यास रक्तातील सोडियम घटते. डोकेदुखी, उलट्या, भ्रम, झटके ही त्याची लक्षणे असून जिवावरही बेतू शकते. अशा व्यक्तीला आणखी पाणी न पाजता ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

थांबल्यावर ओले कपडे लगेच बदलावेत. हृदयविकार वा मधुमेह असणाऱ्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.