केन्याच्या भाऊबंदाची साक्ष

गतवर्षी श्रावणात शाळेच्या आवारात तण माजलेले पाहून आम्ही शिपायास ते उपटावयास सांगितले. त्यात केनाही होता. माळव्यातील आमचे हिंदी भाषक शेजारी त्यास कनकौआ म्हणतात. पुढे त्याच कुळातील ट्रॅडेस्कॅन्शिया या अमेरिकी रोपाविषयी आमच्या वाचनात आले, आणि तणाकडे पाहण्याची आमची दृष्टी पालटली.

दूषित हवापाण्याने होणारी इजा दोन प्रकारची असते. एक दिसते, डोळे चुरचुरतात, पाने करपतात. दुसरी पेशीच्या गाभ्यातील जनुकांना होते. ती दिसत नाही. परंतु पेशी विभागली की पुढील पेशींत उतरते, आणि बीजपेशीत झाली तर पुढील पिढीतही. हवेत अमुक द्रव्य किती, हे यंत्र सांगते. अनेक द्रव्यांच्या मिश्रणाने सजीवाचे काय झाले, हे मात्र सजीवालाच विचारावे लागते.

ट्रॅडेस्कॅन्शियाच्या पुंकेसरांवर बारीक केस असतात. प्रत्येक केस म्हणजे एका पदरात ओवलेल्या पेशींची माळच. न्यूयॉर्क राज्यातील ब्रूकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आर्नल्ड स्पॅरो व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी रोपे निवडली, की ज्यांत निळ्या रंगाचे प्रभावी आणि गुलाबी रंगाचे अप्रभावी जनुक एकत्र नांदते. एरवी केस निळेच दिसतात. निळ्याचे जनुक बिघडले, की ती पेशी गुलाबी होते. सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी मणी मोजले, की इजेचे माप हाती येते. १९७०च्या दशकात ही रोपे फिरत्या प्रयोगशाळेतून औद्योगिक शहरांच्या हवेतही नेण्यात आली.

आपोआप उगवलेल्या रानवनस्पतींचीही अशी साक्ष काढता येते. त्याच दशकात मॅसॅच्युसेट्समधील मिलर्स नदी कागद गिरण्यांच्या सांडपाण्याने दूषित झालेली होती. तिच्या काठच्या 'रॉयल फर्न' जातीच्या नेच्यांत एडवर्ड क्लेकोव्स्की यांना आनुवंशिक बिघाड स्वच्छ जागच्या नेच्यांहून पुष्कळ अधिक आढळला. नेचा जागचा हलत नाही. म्हणून त्याचे गाऱ्हाणे त्याच्या पायाखालच्या पाण्याविषयीच असते.

येथे एक सावधगिरी हवी. तापमानातील फेरफारानेही मोजणीत फरक पडतो. म्हणून स्वच्छ जागेतील रोपे तुलनेसाठी ठेवावीच लागतात. दोषी द्रव्य कोणते, माणसांना कोणता रोग होईल, हे रोप सांगत नाही. येथे काही बिघडते आहे, शोध घ्या, इतकेच ते सुचविते. पण गुलाबी पेशी काही दिवसांतच दिसते; माणसाचे दुखणे उघडकीस यावयास कित्येकदा वर्षे लोटतात. तेवढा अवधी हाती लागणे ही काय थोडी गोष्ट?

यंदा कुंपणाकडील केना आम्ही राहू दिला आणि मुलांना त्याचे फूल दाखविले. त्यात ती निळी-गुलाबी खूण नसते, हेही सांगितले. परंतु त्याच्या भाऊबंदाची हकीकत सांगावयास याहून जवळचे उदाहरण आम्हांस सापडले नाही.