तीन व्होल्टांचं धाडस

एके काळी आपल्या घराघरांतला रिमोट चालता-बोलता असे. घरातलं सगळ्यात धाकटं पोर म्हणजे रिमोट. 'बाळ्या, आवाज कमी कर रे', 'बाळ्या, वर जाऊन अँटेना फिरव' असं म्हटलं की तो उठायचा, खटकन बटण फिरवायचा आणि पुन्हा येऊन बसायचा. त्याला सेल लागत नसत, दोन शेंगदाण्यांवर काम भागे. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२ च्या एशियाडच्या वर्षी पडद्यावर रंग आले, तरी बाळ्याची नोकरी शाबूत होती. नव्वदच्या दशकात केबल आली, वाहिन्या दोनाच्या वीस झाल्या आणि बाळ्या बिचारा निवृत्त झाला. त्याच्या जागी वीतभर लांबीची काळी पट्टी आली. ती बिघडली की अख्खं घर कसं हवालदिल होतं, हे मी वेगळं सांगायला नको.

आषाढातल्या एका रविवारची गोष्ट. आम्ही शहापूरला राहतो आणि माझी सासुरवाडी मुरबाड तालुक्यातली. किन्हवली, सरळगाव करत एसटीने गेलं की पावसात अर्धा दिवस प्रवासातच जातो. आवणीचे दिवस होते. मेहुणा, त्याची बायको, सासूबाई सगळे चिखलात. घरात फक्त मामा, म्हणजे माझे सासरे. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. डावा हात चालतो, बोलणं जरा जड झालंय, बुद्धी मात्र लख्ख. ओटीवरच्या खाटेवर ते दिवसभर असतात. समोर टीव्ही, उशाशी जुना ट्रान्झिस्टर आणि डाव्या हाताशी रिमोट.

त्या दिवशी टीव्ही बंद होता. मी विचारलं तर ते नुसतंच तिकडे बघून म्हणाले, "चालत नाही तो. आठ दिवस झाले." आवाजाची आणि वाहिनी बदलायची बटणं मेली होती. सकाळी शेतावर जाताना कोणीतरी टीव्ही लावून जाई. मग लागला तो कार्यक्रम, असेल त्या आवाजात, संध्याकाळपर्यंत. दोन दिवस मामांनी तो सोसला आणि मग टीव्ही लावूच नका म्हणाले. मेहुण्याने मुरबाडच्या बाजारात चौकशी केली होती. दुकानदार म्हणाला, हे मॉडेल जुनं झालं, याचा रिमोट आता येत नाही. दुसरा चालतो का बघा, नाहीतर टीव्हीच बदला. आवणीच्या हंगामात बाजाराची दुसरी खेप म्हणजे एका माणसाची रोजी बुडवणं. म्हणून रिमोट तसाच पडला.

आपल्याला वाटतं, एवढासा रिमोट, त्यात काय! पण ज्याला स्वतःचं पांघरूणही दुसऱ्याने सारावं लागतं, त्या माणसाच्या हातात दिवसभरात स्वतःच्या मर्जीने बदलता येईल अशी ती एकच गोष्ट होती.

मी म्हटलं, "मामा, उघडून बघू का?"

"बघा की," ते म्हणाले. "मेलेल्याला काय मारणार?"

रोग नेमका कोणाला?

रिमोट बिघडला की आपले घरगुती उपचार ठरलेले. पहिला उपचार, तळहातावर दोन थपडा. दुसरा, सेल काढून उन्हात ठेवणे. तिसरा, सेल दातांनी चावणे. हा तिसरा कृपा करून कोणी करू नये. सेलमधली रसायनं पोटात जाण्यासाठी नसतात. थपडेने आणि सेल फिरवल्याने मात्र कधी कधी गुण येतो, कारण सेलच्या टोकांवरचा आणि स्प्रिंगवरचा मळ घासला जातो. पण तो गुण तात्पुरता.

आधी रोग कोणाला आहे ते ठरवावं. हल्ली घरात दोन रिमोट असतात, एक टीव्हीचा आणि एक छत्रीच्या डब्याचा. पुष्कळदा आपण भलत्यालाच दोष देतो. मग सेल बदलावे. बदलताना दोन्ही एकदम, एकाच जातीचे. एक नवा, एक जुना अशी जोडी लावली की नवाही लवकर संपतो आणि जुना पाझरायला लागतो. सेलची दिशा बघावी, स्प्रिंग गंजली आहे का ते बघावं.

एवढं करून भागलं नाही तर मोबाईल घ्यावा. रिमोटच्या तोंडाशी असलेला छोटा दिवा अवरक्त किरण सोडतो. ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण मोबाईलच्या कॅमेऱ्यातून फिकट जांभळट उजेड लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यातून दिसला नाही तर पुढच्यातून बघावं. काही फोनच्या मागच्या कॅमेऱ्यात हे किरण अडवले जातात. आपल्याशी बोलणारे नवे रिमोट बरेचदा ब्लूटूथवर चालतात, त्यांना ही परीक्षा लागू नाही.

मी मोबाईल काढला तेव्हा मामांनी उशाचा ट्रान्झिस्टर पुढे सरकवला. "याच्याजवळ धरा," म्हणाले. त्यांनी मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमधली मोकळी जागा लावली. रिमोट जवळ नेऊन आकड्याचं बटण दाबलं तर ट्रान्झिस्टर टर्रर्र बोलला. आवाजाचं बटण दाबलं तर मुका. ही जुन्या मेकॅनिकांची युक्ती. आतलं मंडळ जागं झालं की त्याची खरखर रेडिओला ऐकू येते. रेडिओ टर्रावतो पण कॅमेऱ्यात उजेड नाही, तर दिव्यात किंवा त्याच्या सांध्यात दोष. दोन्ही गप्प असतील आणि सेल चांगले असतील, तर वीज आतपर्यंत पोचत नाही. काही बटणं चालतात आणि काही नाही, तर दोष बटणांखाली. आमचं निदान झालं होतं.

मामा तरुणपणी गावोगाव शेतीच्या पंपांची डिझेल इंजिनं दुरुस्त करत, हे मला ठाऊक होतं. पण आजारपणानंतर त्या ज्ञानाबद्दल त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. मीही नाही.

सेल नसलेला रिमोट

रिमोट बंद पडला की टीव्हीच बिघडला असं वाटणं, हा घोळ फार जुना आहे. अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीने १९५० मध्ये पहिला रिमोट काढला तो तारेने टीव्हीला जोडलेला होता. माणसं त्या तारेत अडखळत. १९५५ मध्ये त्याच कंपनीतल्या युजीन पॉली यांनी बिनतारी रिमोट केला. तो पिस्तुलासारखा दिसे, आणि पडद्याच्या चार कोपऱ्यांवर उजेडाचा झोत टाकून टीव्ही चालवायचा. अडचण अशी की खिडकीतून ऊन आलं की टीव्ही आपल्या मनाने वागू लागे. पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलर यांनी दुसरी वाट काढली. बटण दाबलं की एक छोटी हातोडी ॲल्युमिनियमच्या दांडीवर आपटायची आणि कानाला ऐकू न येणारा नाद निघायचा. त्या रिमोटला सेलच नव्हते! विक्री करणाऱ्या मंडळींचा तसा आग्रहच होता म्हणतात. सेल संपले तर गिऱ्हाईक टीव्ही बिघडला म्हणून तक्रार घेऊन येईल, ही त्यांना धास्ती.

आजचा अवरक्त किरणांचा रिमोट साधारण १९८० च्या सुमारास रुळला. त्याने उन्हाची अडचण मोठ्या खुबीने सोडवली. त्याचा दिवा सेकंदाला सुमारे ३८ हजार वेळा लुकलुकतो, तेही थांबत थांबत, तारयंत्राच्या कडकट्टासारखं. प्रत्येक बटणाची लय वेगळी. टीव्हीचा डोळा फक्त त्या तालावरचा उजेड ओळखतो. ऊन, ट्यूबलाइट, देवापुढचं निरांजन यांच्याकडे तो ढुंकूनही बघत नाही.

"जोर नका लावू"

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रिया. आधी सेल काढावेत. मग स्क्रू शोधावेत. ते सेलच्या खोबणीत असतात, नाहीतर मागच्या चिकटपट्टीखाली लपलेले असतात. आमच्या रिमोटला एकच होता. तो काढून मी दोन्ही भाग ओढायला लागलो तर मामा म्हणाले, "जावईबापू, जोर नका लावू. कुठं अडकलंय ते आधी बघा."

कडेने आत छोट्या खाचा असतात, त्यात दोन्ही भाग एकमेकांना धरून बसतात. सुरी किंवा मोठा पेचकस घालून उचकटलं की खाचा तुटतात आणि मग रिमोट आयुष्यभर रबरबँड लावून हिंडतो. जुनं प्लॅस्टिकचं कार्ड घ्यावं, सेलच्या टोकाकडून फटीत सरकवावं आणि हळूहळू कडेने फिरवावं. एकेक खाच टक् टक् करत सुटते. सुटेल तसा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा. मामांकडे फोटो नव्हता, पण सूत्र होतं, "ज्या क्रमानं काढलं, त्याच्या उलट क्रमानं बसवायचं." स्क्रू एका वाटीत टाकला आणि वाटी मामांच्या डाव्या हातात दिली.

आत निघालं काय? एक हिरवी पट्टी, बटणांची रबरी चटई, तोंडाशी दिवा आणि काळ्या ठिपक्याएवढी एक चिप. बस्स. लहानपणापासून ज्याला 'आतलं मशीन' म्हणत घाबरत आलो, ते एवढंच. रबरी चटईच्या मागे प्रत्येक बटणाखाली कार्बनची काळी टिकली असते. पट्टीवर त्याच जागी दोन फण्या एकमेकींत अडकवाव्यात तशा रेघा असतात, पण त्या एकमेकींना शिवत नाहीत. बटण दाबलं की टिकली दोन्ही फण्यांवर टेकते, वीज या काठावरून त्या काठावर जाते आणि चिपला कळतं की कोणती टिकली टेकली.

आमच्या पट्टीवर मात्र तेलकट थर चढला होता. हाताचा घाम, सांडलेली पेज, आमच्याकडच्या पावसाळ्याची ओल आणि खुद्द रबरातून वर्षानुवर्षं झिरपणारा चिकटपणा यांचं ते मिश्रण. जी बटणं जास्त वापरात, तिथं थर जाड. बिघाड म्हणतात तो बहुतेक वेळा हाच, यंत्र शाबूत आणि वाट मळलेली.

रबरी चटई कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून बोटांनी धुवावी. पट्टी पाण्याने धुऊ नये. औषधाच्या दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाला लावून अलगद पुसावी. रॉकेल, पेट्रोल, थिनर वापरू नये, प्लॅस्टिक खराब होतं. पॉलिशपेपर तर मुळीच नको. पट्टीवरच्या काळ्या फण्या कार्बनच्याच असतात, घासल्या तर कायमच्या जातात. पुसून झाल्यावर सगळं पूर्ण कोरडं होऊ द्यावं. आम्ही चटई तासभर पंख्याखाली ठेवली.

जोडून बघितलं तर वाहिनीचं बटण बोलू लागलं, पण आवाज वाढवायचं तसंच गप्प. तिथली टिकली झिजून गुळगुळीत झाली होती. मामांच्या कानाला तर तेच बटण सगळ्यात जास्त लागायचं. शहापूरहून आणलेल्या चपात्या ज्या चंदेरी कागदात गुंडाळल्या होत्या, त्याचा टिकलीएवढा गोल तुकडा कापला आणि गोंदाच्या अगदी बारीक थेंबाने टिकलीवर चिकटवला. गोंद वरच्या अंगाला येता कामा नये, नाहीतर वीज जात नाही. तो वाळेपर्यंत थांबलो.

आणखी चार सूचना

सेल पाझरून पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर हातमोजे घालून ती काढावी. अल्कलाइन सेलची असेल तर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर आणि साध्या सेलची असेल तर खाण्याच्या सोड्याचं दाट पाणी, कापसाच्या काडीवर घेऊन लावावं आणि मग ओलसर फडक्याने व अल्कोहोलने पुसून घ्यावं. रिमोट वारंवार पडत असेल तर दिव्याच्या पायांचे किंवा स्प्रिंगचे सांधे तुटतात. ते बारीक डिंकाने नव्हे, डागणीनेच जोडावे लागतात. सोल्डरिंगची सवय नसेल तर गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे जावं, दोन मिनिटांचं काम आहे. वापरलेले सेल बांधावर किंवा ओढ्यात फेकू नयेत, एका डब्यात साठवून शहरातल्या संकलन केंद्रात द्यावेत. आणि ज्या रिमोटमध्ये चपटा, नाण्यासारखा सेल असतो तो लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. गिळला तर घरगुती उपाय न करता ताबडतोब दवाखाना गाठावा. काही तासांत तो अन्ननलिका जाळतो.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. रिमोट उघडला म्हणून उद्या टीव्ही उघडू नये. रिमोटमध्ये दोन सेलचे मिळून तीन व्होल्ट असतात, मुंगीलाही झटका बसत नाही. जुन्या, मागे कुबड असलेल्या टीव्हीत हजारो व्होल्ट असतात आणि बटण बंद करून प्लग काढला तरी ते काही काळ दबा धरून राहतात. नव्या सपाट टीव्हीतही वीज साठवणारे भाग असतात. ते काम जाणकाराचंच.

पण तीन व्होल्टांपुरतं धाडस करायला काय हरकत आहे? घरात विजेवर चालणारी जी काही यंत्रं आहेत, त्यांत बिनधोक उघडून बघावं आणि मुलांनाही शेजारी बसवून दाखवावं असं हे एक यंत्र आहे. नाहीतरी ते फेकूनच देणार होतो. नीट झालं तर एक खेप वाचली, नाही झालं तर आत काय असतं ते तरी कळलं.

संध्याकाळी मंडळी शेतावरून आली तेव्हा ओटीवर टीव्हीचा आवाज जरा जास्तच मोठा होता. मेहुण्याने पाय धुता धुता विचारलं, "नवा आणला काय रिमोट?"

मी काही बोलणार तोच मामा म्हणाले, "नवा कशाला? आम्ही नीट केला."

मग त्यांनी डाव्या हाताने उशाखालून वाटी काढून माझ्यापुढे धरली. स्क्रू बसवायचा राहिला होता.