साथीला पियेर मिशलो

डिसेंबर १९५७, पॅरिसमधला एक स्टुडिओ. पडद्यावर अभिनेत्री झान मोरो रात्रीच्या रस्त्यांवरून भटकते आहे आणि समोर पाच वादक ते तुकडे पाहत वाजवताहेत. लुई माल यांच्या ‘आसांसर पूर लेशाफो’ या चित्रपटाचं संगीत ४ आणि ५ डिसेंबरला असं घडलं. माइल्स डेव्हिस यांनी जुजबी आराखडा दिला होता, बाकीचं सगळं तिथल्या तिथे सुचलेलं. डेव्हिस यांचा ट्रम्पेट जगाच्या लक्षात राहिला. पण याच संगीतात पहारेकऱ्याच्या फेरीचा एक तुकडा आहे, त्यात ट्रम्पेट नाहीच. केनी क्लार्क यांचे ड्रम आणि पियेर मिशलो यांचा डबल बास, एवढंच. माझ्या मते या संगीतातली सगळ्यात जास्त धास्ती त्या तुकड्यात आहे.

डबल बास हे माणसापेक्षा उंच वाद्य, उभ्यानं कवेत घेऊन वाजवायचं. तारा चार. जॅझमध्ये गज बहुतेक वेळा बाजूला राहतो आणि तार बोटानं ओढली जाते. चार मात्रांच्या आवर्तनात प्रत्येक मात्रेला एक स्वर, असं तासन् तास चालायचं. तबल्याचा ठेका नुसती लय सांभाळतो. बासवाल्याला लयीबरोबर सुरांची वाटही दाखवावी लागते, कारण वर सॅक्सोफोन कुठेही भरकटला तरी आपण कोणत्या स्वरसंघावर आहोत हे खालचा स्वरच सांगतो. तो स्वर चुकला, तर वरचा माणूस बेसूर ठरतो. १९४०च्या सुमारास ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातल्या जिमी ब्लँटन यांनी या वाद्याला स्वतःचं बोलणं दिलं. पुढचे सगळे बासवाले त्याच वाटेवरून गेले, मिशलोही.

मिशलो यांचा जन्म ३ मार्च १९२८चा, पॅरिसला खेटून असलेल्या सँ-द्नीचा. लहानपणी दोन वर्षं पियानो शिकून झाला, सोळाव्या वर्षी डबल बास हाती आला. विशीतच रेक्स स्टुअर्ट, कोलमन हॉकिन्स अशा अमेरिकी दिग्गजांना साथ सुरू झाली होती. गिटारवादक जँगो राइनहार्ट यांचं अखेरचं ध्वनिमुद्रण एप्रिल १९५३ मधलं. त्यातही बास मिशलोंचाच.

इतकी बोलावणी कशी आली, याचं उत्तर त्या काळात आहे. अमेरिकेतल्या वर्णभेदाला विटलेले कृष्णवर्णीय वादक पॅरिसला येत, काही तिथेच राहत. केनी क्लार्क १९५६ मध्ये स्थायिक झाले, पियानोवादक बड पॉवेल १९५९ मध्ये. अख्खा वाद्यवृंद समुद्रापार नेणं कोणाला परवडणार? पाहुणा बहुधा एकटा यायचा आणि साथीदार स्थानिक असायचे. त्यामुळे जॅझची युरोपातली राजधानी म्हणून पॅरिस नावारूपाला आलं, त्याचं श्रेय मिशलोंसारख्या मोजक्या स्थानिक हातांनाही द्यायला हवं. विमानातून उतरलेल्या कलावंताला त्याच रात्री विश्वासानं वाजवता यावं, ही सोय त्यांनी केली.

हैदराबादच्या कुकटपल्लीत, केपीएचबी कॉलनीतल्या आमच्या घरात फोनवर ‘आसांसर पूर लेशाफो’ची रेकॉर्ड लावली की ट्रम्पेट स्वच्छ येतो; बासची मात्र पुसट टकटक. डबल बासच्या सगळ्यात खालच्या तारेची कंपनं सेकंदाला साधारण ४१. तेवढी हवा हलवण्याची ताकद फोनच्या इवल्या स्पीकरमध्ये नसते. चांगले हेडफोन लावले की मिशलो शेजारी येऊन उभे राहतात. तारेवरून बोट सुटल्याचा आवाजसुद्धा ऐकू येतो. फोनवर ऐकून बासवाल्याचं मोल ठरवू नये.

१९५९ पासून पियानोवादक झाक लुसिए यांच्या त्रिकुटात मिशलोंनी बाख या जुन्या जर्मन रचनाकाराचं संगीत जॅझच्या चालीत वाजवलं. त्या रेकॉर्ड लाखोंनी खपल्या. त्याच सुमारास पॉवेल आणि क्लार्क यांच्याबरोबर ‘ब्लू नोट’ क्लबमधल्या रात्रीही चालू होत्या. १९६३ मध्ये हेच तिघे सॅक्सोफोनवादक डेक्स्टर गॉर्डन यांच्या ‘अवर मॅन इन पॅरिस’ या रेकॉर्डवर एकत्र आले. आणि १९८६ मध्ये बेर्त्राँ तावर्निए यांनी ‘राउंड मिडनाइट’ हा चित्रपट केला. नायक गॉर्डन, कथा पॉवेल आणि सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्या आयुष्यांवर बेतलेली, आणि पडद्यावरच्या क्लबात बास घेऊन उभे खुद्द मिशलो. पॉवेल आणि यंग या दोघांबरोबर त्यांनी खरोखर वाजवलं होतं.

३ जुलै २००५ रोजी ते गेले. त्यांची कारकीर्द आज तारीखवार मांडता येते ती एका साध्या प्रथेमुळे: जॅझच्या रेकॉर्डच्या वेष्टनावर सगळ्या वादकांची नावं छापतात. आपल्याकडच्या चित्रपटसंगीतात तसं झालं नाही. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी गोव्याच्या चिक चॉकलेट यांना हाताशी धरून ‘अलबेला’त १९५१ मध्ये जॅझचा झगमगाट आणला, चिक आणि त्यांची मंडळी पडद्यावरही दिसली. त्या काळच्या मुंबईतल्या स्टुडिओंत डबल बास रोज घुमत होता. पण तबकडीवर नाव गायकाचं, संगीतकाराचं, चित्रपटाचं. गाण्याच्या तळाशी चालणारा तो स्वर आपल्या सगळ्यांच्या कानात आहे आणि तो वाजवणाऱ्यांतली बहुतेक नावं कुठेच छापलेली नाहीत. गोव्यात, वांद्र्यात, माहीममध्ये या वादकांची मुलंबाळं आहेत. घराघरांत जुने फोटो असतील, मानधनाच्या वह्याही असतील. त्यांच्याकडे जाऊन ती नावं लिहून घेण्याचं काम आत्ताच व्हायला हवं.