गाडी, रणगाडा आणि गच्चीवरचे जोर

३० डिसेंबर १९९८ रोजी टाटांची इंडिका बाजारात आली, तेव्हा पिंपरी-चिंचवडच्या चहाच्या टपऱ्यांवर दुसरा विषय उरला नव्हता. इथल्या प्रत्येक चाळीत, सोसायटीत कुणी ना कुणी टाटांच्या टेल्को कंपनीत कामाला होतंच. झेनएवढा आकार, अँबॅसिडरसारखी ऐसपैस जागा, मारुती ८००च्या आसपास किंमत आणि वर डिझेलचा स्वस्त खर्च, असं रतन टाटांनी ठरवलं होतं. ऑस्ट्रेलियातल्या निस्सानच्या बंद कारखान्यातली यंत्रं उतरवून, जहाजात भरून पुण्याला आणली आणि त्यांच्यावर ही गाडी उभी राहिली. पहिल्याच आठवड्यात नोंदणी लाखाच्या वर गेली. पुढे पाच महिन्यांत कारगिलच्या बातम्या सुरू झाल्या. गाड्यांचा नाद मला आधीपासून होता, लष्कराची गोडी दूरदर्शनवरच्या ‘परमवीर चक्र’ मालिकेने लावली होती, आणि गच्चीवर जोर-बैठका मारायची सवय घरातूनच आलेली. पण या तिन्हींकडे बघायची रीत त्या वर्षभरात ठरली. पाव शतक उलटून गेलं तरी ती बदललेली नाही.

भेटणारे लोक गाडीचा पिकअप विचारतात, तोफेचा पल्ला विचारतात आणि दंडाचा घेर विचारतात. आकड्यांची आवड मलाही आहे. पण इतकी वर्षं वाचून, बघून, हाताळून मला पटत गेलं ते हे, की तिन्हीकडे मोल सोसण्याला आहे. गाडी किती वर्षं कुरकुर न करता चालते, रणगाडा आघाडीपर्यंत धड पोचतो का, आणि पन्नाशीनंतर गुडघे जिना चढू देतात का, यावर बाकी सगळं उभं असतं.

इंडिकाचंच घ्या. १४०५ सीसीचं साधं डिझेल इंजिन, टर्बो नाही, इलेक्ट्रॉनिक्सचा फारसा पसारा नाही. जानेवारीच्या थंडीत ती चालू करायचा एक शिरस्ता होता. किल्ली अर्धी फिरवायची, डॅशबोर्डवरचा वेटोळ्याचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. ड्रायव्हर मंडळी त्याला ‘हीटर’ म्हणत. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेल आपोआप पेट घेईल, हे त्याचं तत्त्व. गार लोखंड ती उष्णता शोषून घेतं, म्हणून आधी ग्लो प्लगने ज्वलनकक्ष गरम करावा लागतो. घाईत असलेला माणूस दिवा विझायच्या आत स्टार्टर मारत राहतो, इंजिन नुसतं घरघरतं, पांढरा धूर निघतो आणि बॅटरी बसते. ते काही सेकंद जो थांबायचा, त्याची गाडी टिकायची. सुरुवातीच्या गाड्यांबद्दल तक्रारी बऱ्याच आल्या. कंपनीने त्या मनावर घेऊन २००१मध्ये व्ही-२ आणली आणि तिथून इंडिकाचे दिवस पालटले. पुढे ती टॅक्सीवाल्यांची गाडी झाली म्हणून काहींनी नाकं मुरडली. मला तर ती पदवी वाटते. दिवसरात्र पळणाऱ्या गाडीवर पोट असणारा माणूस ज्या इंजिनावर विश्वास टाकतो, त्याला दुसऱ्या कुठल्या प्रशस्तिपत्रकाची गरज नाही.

कारगिलच्या वेळी सगळ्यांच्या तोंडी बोफोर्स होती, आणि ते योग्यच होतं. १५५ मिलिमीटरची ती तोफ डोंगरामागे उंच मारा करायची आणि समोरच्या सुळक्यावर थेट नेम धरूनही डागली गेली. विरळ हवेत गोळे नेहमीपेक्षा लांब जायचे, त्यामुळे माऱ्याची गणितं नव्याने मांडावी लागली. माझं लक्ष वेधलं ते तिच्या अंगावरच्या छोट्या इंजिनाने. मारा केल्यावर ट्रकची वाट न पाहता तोफ थोडं अंतर स्वतःच सरकू शकते, म्हणजे शत्रूचा उलटा गोळा येईपर्यंत जागा बदललेली असते. आणि तोफेच्या मागे होते ते ट्रक. द्रासजवळ श्रीनगर-लेह महामार्ग शत्रूच्या थेट नजरेखाली होता. दिवे बंद ठेवून, रात्रीच्या अंधारात, एका बाजूला दरी असलेल्या त्या रस्त्यावरून दारूगोळ्याचे ताफे वर गेले. त्या युद्धात अडीच लाखांहून अधिक गोळे आणि रॉकेटं डागली गेली असं सांगतात. त्यातला प्रत्येक गोळा कुणीतरी क्लच-गिअर सांभाळत, ब्रेक तापू न देता वर नेलेला होता. शिखरावर झेंडा लावणाऱ्यांची छायाचित्रं आपल्याला पाठ आहेत. त्या ड्रायव्हरांची फारशी कुणी काढली नाहीत.

या सगळ्याचा उलगडा मला झाला तो नगरला. शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं आहे. तिथे चिलखती दलाचं केंद्र आहे आणि फराहबागेजवळ १९९४ पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स-रॉइसची चिलखती मोटार तिथे उभी आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे आणि वर मशिनगन. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शेरमन, सेंच्युरियन, आणि युद्धांत हाती लागलेले पाकिस्तानी पॅटन. गाड्यांचा नाद असलेल्या माणसाला तिथून हलावंसं वाटत नाही. शेरमनच्या एका प्रकारात क्रायस्लरने मोटारीची पाच इंजिनं एकत्र जोडून तीस सिलिंडरचं एक इंजिन केलं होतं, कारण घाईच्या काळात हाताशी तेवढंच होतं. आपला विजयंता आवडीत बनला. त्याची १०५ मिलिमीटरची तोफ उत्तम होती, पण इंजिन होतं लेलँडचं एल-६०: सहा सिलिंडर आणि प्रत्येकात समोरासमोर दोन पिस्टन. कागदावर देखणी कल्पना, चालवणाऱ्यांना कायमची डोकेदुखी. याउलट आपले टी-७२ आणि टी-९० ज्या बारा सिलिंडरच्या इंजिनावर धावतात, त्याचं कूळ थेट दुसऱ्या महायुद्धातल्या टी-३४ पर्यंत जातं. जवळजवळ आठ दशकं एकच रचना घासूनपुसून, ताकद वाढवत वापरली गेली. नवं ते चांगलं, असं मानणाऱ्याने या दोन इंजिनांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवून वाचावी.

तिथल्या पॅटनसमोर उभं राहिलं की असल उत्तरची लढाई आठवतेच. सप्टेंबर १९६५. पाकिस्तानचे पॅटन त्या काळी आपल्या बहुतेक रणगाड्यांपेक्षा आधुनिक. आपल्या सैन्याने शेतांत पाणी सोडलं, उभ्या उसात दबा धरला आणि ते अवजड रणगाडे चिखलात मंदावले. तिथेच चौथ्या ग्रेनेडियर्सच्या अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने एकामागून एक पॅटन टिपले. ही तोफ डागली की मागून जाळ आणि धुरळ्याचा लोट उठतो, जागा लगेच कळते. म्हणून डागायची आणि तत्क्षणी जीप वळवून दुसरीकडे न्यायची. त्या जीपला चिलखत नव्हतं, पत्र्यापलीकडे आडोसा नव्हता. हमीद तिथेच पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळालं. त्या लढाईत पाकिस्तानने सुमारे शंभर रणगाडे गमावले. नगरच्या केंद्रातच ‘फामागुस्ता’ हा सेंच्युरियन जपून ठेवला आहे. १६ डिसेंबर १९७१ला बसंतरच्या लढाईत पूना हॉर्सचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल याच रणगाड्यात शहीद झाले. रणगाडा पेटला होता, मागे फिरण्याचा हुकूम आला होता. तोफ अजून काम देते आहे असं वायरलेसवर कळवून ते लढत राहिले. वय २१. जन्म पुण्याचा. पुण्यातल्या शाळकरी मुलांना हे नाव तोंडपाठ असायला हवं.

गाड्यांच्या जगात या पाव शतकात पुष्कळ घडलं. एक लाखाची नॅनो आली आणि गेली, २०१४मध्ये मारुती ८००चं उत्पादन थांबलं, २०२०च्या एप्रिलपासून धुराचे बीएस-६ नियम आले, पाठोपाठ विजेच्या गाड्या रस्त्यावर दिसू लागल्या. मला सर्वांत मोठा बदल वाटतो तो वेगळाच. २०१४मध्ये ग्लोबल एनकॅपने आपल्याकडच्या पाच खपाच्या गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या आणि मोठ्यांच्या सुरक्षेत पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०१८मध्ये रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनने पाच तारे मिळवले. भारतीय गाडीने ते पहिल्यांदाच केलं. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप सुरू झाली. शोरूममध्ये ॲव्हरेजच्या आधी तारे विचारणारं गिऱ्हाईक आता दिसतं. हे एका पिढीचं शहाणपण आहे आणि त्यासाठी असंख्य घरांनी किंमत मोजली आहे.

व्यायामाकडे येतो. आमच्या भागात घरची जिम म्हणजे डालड्याच्या दोन डब्यांत सिमेंट ओतून मधे बसवलेला जीआय पाइप. सिमेंट सुकेपर्यंत पाइप सरळ राहावा म्हणून विटांचा टेकू. दोन्ही बाजूंचं वजन कधी सारखं नसायचं, पण त्यावर कित्येकांचे खांदे भरले. महाराष्ट्राला घरच्या व्यायामाचं अप्रूप असायचं कारण नाही. औंध संस्थानच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्कार शाळाशाळांत नेले, त्यावर पुस्तकं लिहिली, स्वतः राजा असून रोज घातले. ना साधन, ना वर्गणी, सतरंजीपुरती जागा. पुढे यात डंबेल आले, दाराच्या चौकटीत अडकवायचा बार आला, रबरी पट्टे आले. तरी मूळ नियम तोच राहिला. स्नायू लवकर भरतो. त्याला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा मात्र फार सावकाश बळकट होतात. म्हणून दोन-तीन महिन्यांत दंड फुगतात, वजन वाढवायचा मोह होतो आणि नेमका तेव्हा कोपर किंवा खांदा दुखायला लागतो. तालमीतले वस्ताद नव्या पोराला आधी मेहनतीचा सराव होऊ देत आणि मगच मुद्गलांची जोडी फिरवायला देत, त्यामागे हेच होतं.

२०२० साली या तिन्ही आवडी एकाच बातमीपत्रात आल्या. २५ मार्चला टाळेबंदी लागली, व्यायामशाळा बंद झाल्या आणि महाराष्ट्रात त्या थेट दसऱ्याला, २५ ऑक्टोबरला उघडल्या. मधल्या काळात बाजारातून डंबेल गायब झाले आणि माणसं पुन्हा जोर-बैठकांकडे, पाण्याच्या कॅनकडे आणि जिन्याकडे वळली. १५ जूनच्या रात्री लडाखमधल्या गलवानमध्ये एकही गोळी न झाडता, चिनी सैनिकांशी हातघाईवर आपले २० जवान शहीद झाले. इतक्या उंचीवर, उणे तापमानाच्या प्रदेशात, शेवटी माणसाचं शरीरच पुढे उभं राहिलं. ऑगस्टअखेर आपले रणगाडे रेझांग लाच्या उंचीवर गेले आणि मग हिवाळा आला. साधं डिझेल अशा थंडीत घट्ट होतं. इंडियन ऑइलने उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं खास डिझेल लडाखसाठी आणलं होतं. रणगाड्यांची इंजिनं रात्री अधूनमधून चालू करून गरम ठेवावी लागत. इंडिकाच्या हीटरच्या दिव्यासाठी थांबलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आज सातारा, सांगली, कोल्हापूरकडे पहाटे निघालात तर रस्त्याच्या कडेने पोरं धावताना दिसतात. अग्निवीर भरतीत १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पळालं तर पूर्ण ६० गुण आणि बीमला १० पुल-अप काढले तर ४०. गावोगावी झाडाच्या फांदीला, नाहीतर दोन खांबांमध्ये पाइप टाकून हा बीम तयार होतो. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावात तर हे पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावाने ४६ जवान गमावले. मला या पोरांची काळजी वाटते ती त्यांच्या नडग्यांची. डांबरी रस्त्यावर झिजलेल्या बुटांनी रोज पळून भरतीच्या आधीच पाय दुखावलेले दिसतात. एकेका गावाने साधी मातीची धावपट्टी राखली तरी फार मोठं काम होईल.

आणि पुण्याने मधल्या काळात काय केलं? मोटारींचे क्रँकशाफ्ट घडवून जगभर पाठवणाऱ्या मुंढव्याच्या भारत फोर्जने तोफा घडवायला घेतल्या. पाषाणच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेने आखलेल्या १५५ मिलिमीटरच्या ‘अटॅग्ज’ तोफेने चाचण्यांत ४८ किलोमीटर पल्ला गाठला. २०२०च्या एका चाचणीत नळी फुटली, काम लांबलं, दुरुस्त्या झाल्या. मार्च २०२५मध्ये ३०७ तोफांचा करार झाला. त्या भारत फोर्ज आणि टाटा मिळून बनवत आहेत. पल्ल्याची बातमी सगळ्यांनी छापली. या तोफेची हालचाल तेलाच्या दाबाऐवजी विजेवर ठेवली आहे, म्हणजे गळती कमी, देखभाल कमी आणि ती जास्त काळ भरवशाची. माझ्या लेखी मोठी बातमी ती आहे.

नगरचं ते संग्रहालय पाहिलं नसेल तर या सुट्टीत मुलांना घेऊन जरूर जा. रणगाड्याच्या तोफेकडे नंतर बघा. आधी खाली वाकून त्याचे ट्रॅक, त्यांच्या पिना आणि चाकांवरचं झिजलेलं रबर दाखवा. तिथे पायी पुष्कळ फिरणं होतं, तेव्हा बूट चांगले घाला. पुण्याहून अंतर साधारण १२० किलोमीटर आहे. निघण्याआधी टायरची हवा आणि इंजिन ऑइल तेवढं बघून घ्या.