पांढऱ्या मोत्यावरचे डाग

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. तो गावठीच आहे, पण रंगाने पांढरा, म्हणजे असायला हवा तसा पांढरा. बोर्ली पंचतनात पांढरे राहणे सोपे नाही. पावसाळ्यात तांबडी माती, उन्हाळ्यात धुरळा, दिवेआगरच्या किनाऱ्यावर डांबर आणि आमच्या वाडीत सुपारीच्या सालींचे ढीग. आजी म्हणते, "नाव मोत्या नि रूप बघा, चुलीजवळच्या फडक्यासारखं!" गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी "मी स्वतः करतो ते काम" या विषयावर लिहायला सांगितले. मी दोन वर्षे मोत्याला धुतो आहे, तेव्हा त्याच्या डागांविषयीच लिहितो. यात माझ्या चुकाही आहेत, त्या मी लपवीत नाही.

मातीचा डाग सगळ्यांत साधा. आपली माती जांभ्या दगडाची, तिच्यात गंजलेले लोखंड असते म्हणून ती तांबडी. मोत्या चिखलात लोळून आला की मी लगेच बादली ओतायचो. त्याने व्हायचे काय, की चिखल पातळ होऊन केसांच्या मुळाशी जायचा आणि सगळा मोत्या गुलाबी दिसायचा. आता मी त्याला पडवीत बांधतो, माती वाळू देतो, मग जुन्या ब्रशने झाडतो. निम्मी तशीच पडते. मग पाणी.

डांबराचे मात्र तसे नाही. पावसाळ्यात समुद्र खवळला की आपल्या किनाऱ्यावर काळे चिकट गोळे येतात. ते रस्त्याचे डांबर नव्हे. समुद्रात सांडलेले खनिज तेल ऊन, वारा आणि लाटा यांनी घट्ट होते, त्याचे ते गोळे. नैर्ऋत्येचा वारा त्यांना किनाऱ्याकडे लोटतो. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबई बंदराजवळ 'एमएससी चित्रा' आणि 'खलिजिया ३' या दोन जहाजांची टक्कर झाली होती. तेव्हा सांडलेले तेल उरण आणि अलिबागपर्यंत आले होते. त्या वेळी मी जन्मलोही नव्हतो, पण गोळे अजून येतातच. चपलेला लागले तर आपण चप्पल घासतो. मोत्याला चप्पल नाही.

गेल्या आषाढात त्याच्या पोटाला आणि मागच्या पायाला डांबर लागले. आमच्याकडे खिडक्या रंगवून उरलेले थिनर होते. थिनरने हाताचा रंग निघतो हे मी पाहिले होते. मी कोणाला न विचारता चिंधी भिजवून पुसायला लागलो. डांबर निघाले खरे, पण मोत्या जो किंचाळला तो मागच्या दारी पळाला, आणि पोटाची कातडी लालभडक झाली. बाबांनी भरपूर पाणी ओतून धुतले आणि त्याला चाटू दिले नाही. दोन दिवस तो माझ्या हाकेला आला नाही. नंतर डॉक्टरांनी सांगितले की थिनर, रॉकेल, पेट्रोल यांनी कातडी भाजते, आणि कुत्रा अंग चाटतो म्हणून ते पोटातही जाते. छातीत गेले तर जिवावर बेतते.

खरा उपाय घरातच होता. खोबरेल तेल! डांबर पाण्यात विरघळत नाही, तेलात सैल होते. तेल चोळून थोडा वेळ थांबायचे, चिंधीने पुसायचे, पुन्हा तेल लावायचे. मग तेलावर बेसन चोळायचे, ते तेल शोषून घेते. शेवटी सौम्य साबण आणि पाणी. याला अर्धा तास लागतो आणि मोत्या मध्येच हात चाटतो, पण खोबरेलच असल्यामुळे चालते.

माणसाचा साबण रोज नको, हेही डॉक्टरांनीच सांगितले. आपल्या कातडीला थोडा आंबट गुण असतो, कुत्र्याची कातडी त्यामानाने पाण्यासारखी, ना आंबट ना खारी. कपड्यांचा साबण तर फार खारा. त्याने कातडी कोरडी होते, खाज सुटते, कुत्रा चाटतो आणि चाटून नवा डाग पडतो. तो कसा ते पुढे येईल.

आता हळदीची गंमत सांगतो. मोत्याच्या पाठीला काटेरी तारेने ओरखडा पडला, तेव्हा आजीने हळद लावली. जखम बरी झाली, पण पाठ पिवळी राहिली. मी साबण लावला आणि एकदम सगळा फेस लाल! आई स्वयंपाकघरातून धावत आली, "अरे, रक्त येतंय की काय त्याला?" रक्त नव्हते. हळदीला खार लागला की ती लाल होते. पूर्वी कुंकू हळदीपासूनच करीत, ते याच गुणावर. गुरुजींनी वर्गात हळदीचा कागद करून त्यावर साबणाचे पाणी आणि लिंबाचा रस टाकून दाखवला होता, तो प्रयोग माझ्या कुत्र्यावर झाला. साबण धुऊन काढला की पुन्हा पिवळे. तो पिवळा रंग घासून जात नाही, पण उन्हाने उडतो. आठ-दहा दिवस मोत्या ओट्यावर ऊन खात पडला आणि पाठ पुष्कळ पांढरी झाली.

गळ्याभोवतीचे काळे कडे बरेच दिवस कळेना. तो ओल्या सुपारीच्या सालींवर झोपतो, आणि गळ्यात गंजकी साखळी. सालीतल्या तुरट रसाला लोखंड मिळाले की काळे होते. पूर्वी हिरड्याच्या काढ्यात हिराकस घालून शाई करीत, तसाच प्रकार. म्हणजे मोत्याच्या गळ्याभोवती शाईच तयार होत होती. साखळी काढून सुती पट्टा घातला, काळे केस ताईने कात्रीने कापले, संपले. ताई म्हणाली की मग नीळ घालून अंघोळ घाल, शाळेच्या शर्टासारखा पांढरा होईल. मी नको म्हटले.

कारण निळ्या कुत्र्यांची गोष्ट मला माहीत होती, आणि ती आपल्याच रायगड जिल्ह्यातली आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये पनवेल तालुक्यात तळोजा औद्योगिक वसाहतीत रस्त्यावरची कुत्री निळी दिसू लागली. वर्तमानपत्रांत फोटो आले. लोक आधी हसले. पण एका कारखान्यातला रंग बाहेर सोडला जात होता आणि कासाडी नदीचे पाणी दूषित होत होते. कुत्री खाणे शोधीत तिथे फिरत, म्हणून त्यांच्या अंगावर ते आधी दिसले. प्राणिमित्रांनी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने तो कारखाना बंद करायला लावला. मासे निळे झाले असते तर कोणाला कळले नसते, असे बाबा म्हणतात.

आता शेवटचा डाग, ज्याच्यासाठी खरे म्हणजे मी हे लिहायला घेतले.

दिवाळीनंतर, भातकापणी झाल्यावर, मोत्याच्या डाव्या डोळ्याखाली तांबूस रेघ दिसू लागली. पांढऱ्या कुत्र्यांना अशी रेघ येते. अश्रूंत आणि लाळेत पॉर्फिरिन नावाचे द्रव्य असते. रक्तातल्या जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की ते तयार होते, आणि ते केसांवर वाळले की केस तांबडे-तपकिरी होतात. काळ्या कुत्र्यालाही ते होते, फक्त दिसत नाही. पायाची बोटे सारखी चाटणाऱ्या कुत्र्याचे पंजे तांबूस दिसतात तेही लाळेतल्या याच द्रव्यामुळे. तिथे गोचीड किंवा खाज आहे का, ते आधी बघावे.

पण हे मला तेव्हा माहीत नव्हते. पाहुणे यायचे होते आणि मला मोत्या पांढरा हवा होता. मी रोज ओल्या फडक्याने रेघ पुसायचो, दुसऱ्या दिवशी ती हजर. विहिरीत टाकतात ती ब्लीचिंग पावडर थोडी लावावी असेही मनात आले. आजीने हातातली पुडी काढून घेतली. "डोळ्याजवळ? आंधळा करशील त्याला!" मग तीच म्हणाली, "एकाच डोळ्याला का रे पाणी? धूळ असती तर दोन्हींना असतं."

हे माझ्या डोक्यात आले नव्हते. तीन आठवडे मी डाग बघत होतो, डोळा बघितलाच नव्हता. नीट बघितले तर मोत्या तो डोळा अर्धा मिटून घेत होता आणि उजेडाकडे तोंड करीत नव्हता.

बाबा त्याला गुरांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले, मी तोंड धरायला. डॉक्टरांनी डोळ्यात रंगाचा एक थेंब टाकला. बुबुळावर जिथे ओरखडा असतो तिथेच तो रंग धरतो आणि हिरवा चमकतो. एक बारीक हिरवी रेघ दिसली. मग बधिर करणारे औषध घालून त्यांनी कुत्र्याची आतली तिसरी पापणी चिमट्याने उचलली आणि खालून वाळलेल्या गवताचे कुसळ काढले. माझ्या नखाएवढे. आपण पुस्तकात म्हण वाचतो, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते म्हणून. मला तर तेही दिसले नव्हते.

डॉक्टर म्हणाले, आणखी काही दिवस गेले असते तर जखम खोल होऊन डोळा जाऊ शकला असता. त्यांनी थेंब दिले, दिवसातून चार वेळा. डोळ्यात माणसाचे उरलेले औषध घालायचे नाही, हेही बजावले, कारण काही थेंबांनी अशी जखम चिघळते. पुसायचे ते उकळून गार केलेल्या पाण्यात स्वच्छ कापूस बुडवून, हलक्या हाताने, आणि मग कोरडे करायचे. एका डोळ्याला एक कापूस, दुसऱ्याला दुसरा.

दहा दिवसांनी परत रंगाचा थेंब टाकला तेव्हा हिरवे काही दिसले नाही. पाणी थांबले. पण आधीचे तांबूस झालेले केस तसेच आहेत, ते झडून नवे येतील तेव्हा जातील. पाहुणे आले आणि गेले, त्यांनी त्या रेघेविषयी विचारलेही नाही.

मोत्या मधल्या सुट्टीत फाटकापाशी येतो. त्याला बघायचे असेल तर या, पण डाव्या बाजूने हात पुढे करू नका. त्या बाजूने आलेला हात त्याला अजून आवडत नाही.