पंधरा सेंटिमीटरच्या खाली

विदर्भातल्या एखाद्या कपाशीच्या रानात मे महिन्यात दीड मीटर खोल खड्डा खणला, तर त्याच्या उभ्या भिंतीवर काळ्या जमिनीचे सगळे चरित्र उघडे पडते. वर हात शिरेल एवढ्या भेगा, खाली निमुळत्या होत गेलेल्या. अर्ध्या मीटरच्या आसपास पाचरीसारखी ढेकळे लागतात. ती सुटी केली की त्यांच्या बाजू घोटल्यासारख्या चकाकतात, कारण पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी चिकणमाती वर्षानुवर्षे स्वतःवरच घासत आलेली असते. आणखी खाली चुनखडीचे पांढरे खडे. त्यांवर सौम्य आम्लाचा थेंब टाकला की फसफसून फेस येतो. चकाकी खनिजशास्त्रज्ञ वाचतो, फेस रसायनशास्त्रज्ञ, मुळे कुठे अडली हे वनस्पतिशास्त्रज्ञ सांगतो आणि भेगेतून पाणी कुठवर उतरेल हे भौतिकीचा जाणकार. या रानात कपाशी साधेल का, हे मात्र त्यांच्यापैकी एकट्याला सांगता येत नाही. आपल्याकडच्या मृदासंशोधनाचा गेल्या शंभरेक वर्षांचा प्रवास पाहिला, तर माझे मत असे बनते, की नमुने वाटून घेऊन आपापल्या प्रयोगशाळेत गेलेल्या शास्त्रांनी आपल्याला आकडे दिले. जमिनीचा उलगडा झाला तो ही शास्त्रे एकाच खड्ड्यात उतरली तेव्हा.

पूर्णेचे खोरे घ्या. अमरावती, अकोला, बुलडाणा जिल्ह्यांतला हा खारपाणपट्टा. वरून पाहिले तर जमीन काळीभोर, खोल, सकस. तरी पाऊस झाला की पाणी वरच साचते, खाली मुरत नाही आणि कपाशी मार खाते. चोपण जमीन ओळखण्याचा जगभरचा रूढ निकष असा, की मातीच्या कणांना चिकटलेल्या क्षारघटकांत सोडियमचा वाटा पंधरा टक्क्यांवर गेला पाहिजे. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरोत डी. के. पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील जमिनींची खनिजे, हवामानाचा इतिहास, पाणी झिरपण्याचा वेग आणि कपाशीचे उत्पादन एकत्र मांडले, तेव्हा दिसले की इथे त्याहून बऱ्याच खालच्या पातळीलाच निचरा कोलमडतो. कारण साखळीचे आहे. हवामान कोरडे होत गेले तसा मातीच्या खालच्या थरात चुना साठू लागला. चुन्यात कॅल्शियम अडकले, म्हणून कणांवर सोडियमचा वाटा वाढला. सोडियमने चिकणमाती विस्कटली आणि पाण्याची वाट बुजली. या साखळीची एक कडी हवामानशास्त्राची, दुसरी रसायनाची, तिसरी भौतिकीची, शेवटची पीकशास्त्राची. कोणतीही एकच कडी हातात असलेला माणूस या जमिनीला निरोगी म्हणाला असता.

सह्याद्रीवर उलट नवल दिसते. तिथल्या मुसळधार पावसात जमिनीतले सत्त्व धुऊन जायला हवे होते, आणि तरीही काही ठिकाणी ते टिकून आहे. याचे उत्तर बेसॉल्टमधल्या झिओलाइट खनिजांत सापडले. जळगाव, नाशिक, पुण्याकडच्या खाणींतून निघणारे जे स्फटिक संग्राहक हौसेने जपतात, त्याच गटातली खनिजे मातीला कॅल्शियमसारखी मूलद्रव्ये पुरवत राहतात. तपस भट्टाचार्य, पाल आणि इतरांनी हे दाखवले. भूगर्भशास्त्र सोबत नसते, तर हे श्रेय सरसकट जंगलाच्या पाचोळ्याला गेले असते. पाचोळ्याचे काम मोठे आहेच. पण आधार खडकाचा आहे.

माती फक्त निसर्गविज्ञानांची आहे असेही नाही. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान हे मुळात रसायनशास्त्रज्ञ. नीरा कालव्याखालच्या क्षारपड जमिनींवर त्यांनी व्ही. ए. ताम्हणे यांच्यासह १९१० साली अहवाल लिहिला. त्यानंतर हा रसायनशास्त्रज्ञ सहकाऱ्यांना घेऊन पिंपळे सौदागर गावात गेला आणि माती तपासता तपासता वहिवाट, कर्ज आणि वाटण्याही मोजू लागला. १७७१ मध्ये तिथे सरासरी धारणा ४० एकर होती; १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. १९१७ साली प्रसिद्ध झालेला तो अभ्यास आजही अर्थशास्त्राचे लोक वाचतात. मान यांची दिशा किती बरोबर होती हे कृष्णाकाठच्या क्षारपड जमिनी पाहिल्या की कळते. उपाय ठाऊक आहे: जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून खारे पाणी काढून देणे. पण ते पाणी नाल्यापर्यंत न्यायला शेजाऱ्याच्या रानातून वाट लागते. दोन एकरवाल्याला एकट्याला हे जमत नाही. सारे शिवार एकत्र यावे लागते. तिथे रसायनशास्त्राची हद्द संपते.

यावर एक रास्त आक्षेप आहे. विज्ञानाची घोडदौड विशेषज्ञतेमुळे झाली. सगळ्यांनी सगळ्यात लक्ष घातले की काम उथळ होते आणि कशामुळे काय घडले हेही सांगता येत नाही. पाटणचेरूच्या इक्रिसॅट या कृषी संशोधन संस्थेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. तिथे १९७६ पासून काळ्या जमिनीवर एक प्रयोग चालू राहिला. एका बाजूला जुनी रीत: खरिपात रान मोकळे, रब्बीत पीक. दुसऱ्या बाजूला रुंद वरंबा-सरी (बीबीएफ), पाण्याचा निचरा, सुधारित वाण, ज्वारीत तूर आणि खते. दीर्घकाळच्या सरासरीत सुधारित पद्धतीने हेक्टरी सुमारे ४.७ टन धान्य दिले, जुन्या रीतीने सुमारे ०.९ टन. मातीत कर्बही जास्त साठला, आणि तो १२० सेंटिमीटर खोलीपर्यंत मोजला गेला. यातले किती श्रेय वरंब्याचे आणि किती खताचे, हे या तुलनेतून वेगळे काढता येत नाही. आक्षेप तेवढा खरा. पण तिथे प्रत्येक तज्ज्ञ आपल्याच विषयात पक्का होता. एकत्र होती ती जमीन आणि वर्षे. एक उणीव मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: ही सगळी पद्धत जशीच्या तशी शेतकऱ्यांच्या शिवारात फारशी पसरली नाही. पसरला तो बीबीएफचा रुंद वरंबा. बैल, मजुरी, भांडवल यांचा हिशेब करणारे लोक पहिल्या दिवसापासून खड्ड्याकाठी हवे होते, असे मला वाटते.

आता आपल्या हातातला कागद पाहू. २०१५ साली सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्मद्रव्ये, सामू, क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. सगळे रासायनिक. पाणी किती वेगाने मुरते, वाफसा किती दिवस टिकतो, गांडुळे आहेत का, चुनखडी किती खोलीवर लागते, यांतले काहीच नाही. नमुनाही साधारणपणे वरच्या पंधरा सेंटिमीटरचा. पूर्णेकाठचा दोष दडलेला असतो तो त्याखाली. कोट्यवधी शेतांत खड्डे खणणे परवडणार नाही, हे मान्य. त्याची गरजही नाही. सारख्या जमिनींच्या गटामागे एक खड्डा पुरे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात दीर्घकालीन खत-प्रयोगाचे प्लॉट आहेतच. तिथे आज मुख्यतः खताचा परिणाम मोजला जातो. त्याच प्लॉटवर सूक्ष्मजीवांचे, पाण्याचे, खडकाचे आणि शेतीच्या जमाखर्चाचे अभ्यासक कायमचे यावेत, आणि राहुरी, परभणी, दापोलीच्या विद्यापीठांनीही आपापल्या जमिनीवर अशी एकेक सामाईक जागा राखावी. आणि वाचकहो, तुमचे रान असेल तर पुढच्या वेळी मातीचा नमुना देताना दुसरी पिशवी दोन फुटांखालची भरा, आणि तिचीही तपासणी मागा.